चोराक नारळ

मामाकडच्या गणपतीच्या मागच्या दोन हातांत नेमकं काय असतं, हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं. खरं तर ती आयुधं मूर्तीच्या मुठीत खोचायचं काम लहानपणापासून माझ्याकडेच होतं. शाळेतून (गणपती घडवतात त्या, आमच्या नव्हे) मूर्ती घरी आली की मामा एक कागदाची पुडी माझ्या हातात द्यायचा. तिच्यात पत्र्याच्या दोन चिमुकल्या वस्तू असायच्या. एक वाकड्या टोकाची, एक वेटोळ्याची. कुठली डावीकडे, कुठली उजवीकडे, यावरून मावसभावाशी दरवर्षी भांडण. मग रोज अथर्वशीर्ष. ‘एकदन्तं चतुर्हस्तं पाशमङ्कुशधारिणम्’ म्हणताना तोंड आपोआप चालायचं आणि डोळे मोदकांच्या ताटावर.

पाश म्हणजे फास. अंकुश म्हणजे माहुताच्या हातातली आकडी. हत्ती पकडायचं आणि पकडलेल्या हत्तीला वळवायचं सामान हत्तीचंच तोंड असलेल्या देवाच्या हातात कसं? कीर्तनकारांकडे याचं उत्तर असतं, मोहाचा पाश आणि इंद्रियांवर अंकुश वगैरे. असेल. पण मला हा प्रश्न पडला तो कीर्तनात नाही, आंबेरीत. कुडाळ तालुक्यातल्या माणगाव खोऱ्यात. २०१५ च्या शिमग्याला.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या सिंधुदुर्गात हत्ती नव्हता. वाघाच्या गोष्टी होत्या, गवे होते, हत्ती फक्त देव्हाऱ्यात. २००२ मध्ये कर्नाटकातल्या जंगलातून पहिला कळप दोडामार्गात उतरला आणि पुढच्या काही वर्षांत हत्ती माणगाव खोऱ्यापर्यंत आले. मामाच्या वाडीत पहिल्यांदा पावलं उमटली तेव्हा मामीने त्या परातीएवढ्या ठशात हळदकुंकू वाहिलं होतं. दुसऱ्या वेळेला ठसे दिसले ते आडव्या पडलेल्या माडांच्या बाजूला.

हत्ती माड कसा खातो हे ज्याने पाहिलं नाही त्याला त्या नुकसानाची कल्पना येणार नाही. त्याला नारळांत फारसा रस नसतो. तो कपाळ टेकवून माड ढकलतो, मुळासकट आडवा करतो, शेंडा फोडतो आणि आतला कोवळा पांढरा गाभा तेवढा खातो. जंगलात भेडल्या माडाशी तो हेच करतो, त्याच्या लेखी हा माड काही वेगळा नाही. आजोबांनी लावलेलं झाड पंधरावीस मिनिटांत संपतं. मामाचे एका पावसाळ्यात सात माड गेले, केळी आणि पोफळी वेगळ्या. पंचनामे झाले, भरपाईच्या फायली फिरल्या. खोऱ्यात माणसंही दगावली. तरी बोलण्यात शब्द एकच राहिला. “काल राती गणपती इलो.” “गणपतीन माड मोडल्यान.” देवाचं नाव घेऊन इतका राग करता येतो, हे मी तिथे ऐकलं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये हत्ती पकडायची मोहीम निघाली. कर्नाटकातून शिकवलेले हत्ती आले, त्यांच्याबरोबर माहूत आले. भुलीची बंदूक, दोरखंड, साखळदंड आणि दोन्ही बाजूंनी दाबत नेणारे पाळीव हत्ती. आठवड्याभरात तीन रानहत्ती आंबेरीच्या क्रालमध्ये होते. क्राल म्हणजे जाडजूड ओंडके आडवे-उभे रचून केलेला पिंजरा, हत्ती आत उभा राहील, फार वळू शकणार नाही, एवढाच. त्या हत्तींना नावंही मिळाली. त्यांतल्या एकाचं नाव गणेश. सरकारी कामकाजात विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतो?

शिमग्याला गेले तेव्हा मामा मला आंबेरीला घेऊन गेला. वनखात्याने दोरी लावली होती, तिच्या अलीकडे जत्रा भरल्यासारखी माणसं. संध्याकाळी गर्दी पांगल्यावर आम्ही थोडे पुढे सरकलो. आधी वास आला, शेण, ओलं गवत आणि औषध यांचा मिळून झालेला. मग ओंडक्यांच्या फटीतून एक डोळा दिसला. एवढ्या मोठ्या देहाला तो डोळा फारच लहान असतो. मागच्या पायांवर दोरखंडाने सोलवटलेली जागा होती, तिच्यावर काळंशार काहीतरी फासलं होतं आणि तरी माश्या बसत होत्या. मध्येच तो सोंड बाहेर फेकायचा आणि ओंडक्यावर आपटायचा. तो आवाज छातीत ऐकू यायचा.

वरच्या ओंडक्यावर एक माहूत पाय सोडून बसला होता. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला पाल्याची जुडी. त्या जुडीने तो हत्तीची पाठ घासत होता. वरून खाली, पुन्हा वरून खाली, गोठ्यात म्हशीला घासावं तसं. आणि सतत बोलत होता. कुठल्या भाषेत ते कळेना. थोडी कन्नड असावी, थोडी हिंदी, थोडी त्या दोघांचीच. दुसरा माणूस खालून उसाचं कांडं पुढे धरायचा. हत्तीने सोंडेने हिसकावलं की ते जायचं, पण दुसरं मिळायला वेळ लागायचा. शांतपणे घेतलं की लगेच दुसरं. आणि मग नारळ. आख्खा नारळ त्याने पायाखाली घेतला, अंगठ्याने चिमटावा इतका हलका दाब दिला, करवंटी फुटली, त्याने खोबरं सोंडेने वेचून घेतलं.

मामा इतका वेळ गप्प होता. नारळ फुटल्याचा आवाज आला तसा तो म्हणाला, “माजे सात माड खाल्ल्यान तेवा तो चोर. आता सरकार त्येका नारळ भरवता. चोराक नारळ, आनि आमका शेंडी!”

माहुताला शब्द कळले नसतील, सूर कळला. तो उतरून आमच्याकडे आला, बिडी पेटवली आणि मोडक्या हिंदीत मामाला विचारलं, किती झाडं गेली? सात, मामाने बोटं दाखवली. माहूत हसला. त्याने सांगितलं की त्याच्या गावी त्याची एक एकर नाचणी आहे, आणि गेल्या साली कापणीच्या चार दिवस आधी रानहत्तींनी ती झोपवली. एक कणीससुद्धा घरात आलं नाही. तेव्हा तू कुठे होतास, मामाने विचारलं. “दुसऱ्याच्या गावात हत्ती पकडत होतो.”

दुसऱ्या दिवशी मामाने एका गोणत्यात पंधरा-वीस नारळ भरले आणि माझ्या मामेभावाकडे दिले. “त्या माहुतांका दी. परमुलखात जेवणाचे हाल जातत त्येंचे.” ते नारळ माहूत खाणार नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कोणी काही बोललं नाही.

मुंबईला परतल्यावर मी अर्थशास्त्र काढलं, कौटिल्याचं. दुसऱ्या अधिकरणात हस्त्यध्यक्षावर, म्हणजे राजाच्या हत्तींवरच्या अधिकाऱ्यावर, मजकूर आहे आणि तो वाचताना मला आंबेरीचा क्रालच दिसत होता. हत्ती उन्हाळ्यात पकडावा. वीस वर्षांचा पकडावा. पिल्लू, आजारी, गाभण आणि लेकुरवाळी हत्तीण पकडू नये. सुळे नसलेला नर पकडू नये, त्याला शब्द आहे ‘मत्कुण’. (विष्णू समुद्रात आणि शंकर हिमालयात का निजतो, तर ढेकणांच्या भीतीने, हे सुभाषित शाळेत पाठ केलेल्यांना हा शब्द वेगळ्या अर्थाने भेटलेला असेल.) मग हत्तीचे कामावरून चार प्रकार. त्यांतला पहिला ‘दम्य’, म्हणजे अजून शिकायचा आहे असा, आणि या दम्याच्याही पाच पायऱ्या. पहिली स्कंधगत, खांद्यावर माणूस बसू देणारा. दुसरी स्तंभगत, खांबाला बांधून घेणारा. शेवटची यूथगत, कळपाबरोबर चालणारा. खांदा, खांब, कळप. सरकारी पुस्तकात दमनाचं इतकं थोडक्यात वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

त्यापुढे नोकरांची यादी येते. वैद्य, वर बसणारा, हाकणारा, राखणारा, हत्तीचं अन्न शिजवणारा, चारा आणणारा, पायांना दोर बांधणारा, हत्तीशाळेचा रखवालदार, रात्री जवळ निजणारा. आणि मग दंडाची कलमं. जागा अस्वच्छ ठेवली, चारा आणला नाही, उघड्या भुईवर निजवलं, दुसऱ्याला वर बसू दिलं, अवेळी चालवलं, घाट नसलेल्या ठिकाणी पाण्यात उतरवलं, तर दंड, आणि तो या माणसांच्या भत्त्यातून आणि पगारातून कापायचा. यादीत आणखी एक कलम आहे, भलत्या जागी मारलं तर. म्हणजे मारायच्या योग्य जागा होत्या आणि त्या शिकवल्या जात होत्या. अंकुशाचा अर्थ मला त्या कलमात सापडला. हत्तीच्या अंगावर कुठे दाबलं की तो काय करतो याचं ज्ञान माहुताकडे असतं. ज्याच्याकडे ते पक्कं आहे त्याला अंकुश फार लावावा लागत नाही. मानेवर बसून कानामागे पायाच्या अंगठ्याने खूण केली की पुरते. रक्त काढतो तो बहुधा कच्चा माहूत, किंवा घाबरलेला.

असं असलं तरी पहिल्या काही आठवड्यांचं काय करायचं? त्याबद्दल गोड बोलता येत नाही. रानातला मोठा नर स्वखुशीने स्कंधगत होत नाही. त्याला भूक लावली जाते, त्याची हालचाल काढून घेतली जाते, आणि मग भूक भागवणारा हात तोच असतो ज्याच्या बाजूचा माणूस मानेवर बसणार आहे. आसामात गौरीपूरकडे पूर्वी पाळीव हत्तीवर बसून, फास टाकून रानहत्ती धरायचे. फास टाकणारा तो फांदी. धरलेल्या हत्तीला खांबांमध्ये बांधून माणसं रात्र-रात्र गवताच्या जुड्यांनी त्याचं अंग चोळत आणि गाणी म्हणत. गौरीपूरच्याच राजघराण्यातल्या पार्वती बरुआ चौदाव्या वर्षी हत्ती पकडायला लागल्या, २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती गाणी विरहाची असतात, रान सुटल्याची, आईपासून तुटल्याची. ज्याने तोडलं तोच गातो. हे ढोंग आहे असं मला बरेच दिवस वाटायचं. आता तितकंसं वाटत नाही. ऊसतोडीला निघालेली बाई पोराला सोडून जाताना जे गाते त्याला आपण ढोंग म्हणत नाही.

आंबेरीच्या क्रालमधल्या हत्तीच्या मरणाची बातमी मी मुंबईत लोकलमध्ये वाचली. मामाला फोन केला. तो म्हणाला, “गेलो.” आणि बराच वेळ फोन तसाच. मग म्हणाला, “मी त्येका शाप दिल्लय गो. माड मोडल्यान तेवा.”

तीनेक वर्षांनी मी कोडगूत दुबारेला गेले. कावेरी ओलांडून पलीकडे हत्तींची छावणी. पर्यटकांची झुंबड असते, आंघोळीच्या वेळी फोटो काढायला रांग लागते, ते सगळं सोडून द्या. मी पाहत होते ती माणसं. तिथले बरेच माहूत जेनु कुरुबा, मूळचे मध गोळा करणारे. एका हत्तीमागे दोन माणसं, माहूत आणि कावाडी. वर बसून हुकूम देतो तो माहूत. चारा, आंघोळ, साखळी, शेण आणि पहाटे जंगलात जाऊन हत्ती शोधून आणणं हे कावाडीकडे. रात्री हत्तींना जंगलात चरायला सोडतात, पायाला लांब साखळी असते, ती जमिनीवर रेघ ओढत जाते. सकाळी कावाडी त्या रेघेमागे चालत जातो. रानात मोकळा सोडलेला हत्ती सकाळी त्या माणसाच्या हाकेला उभा राहतो. पळून का जात नाही? हा प्रश्न मी एका वयस्कर माहुताला विचारला. तो म्हणाला, “अक्का, जातात कधी कधी. मग आम्ही जातो.” त्यापुढे त्याने काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

नदीत हत्ती कुशीवर आडवा होता आणि कावाडी त्याचं अंग नारळाच्या सोडणाने घासत होता. स्वयंपाकघरात मोठ्या भांड्यांत नाचणी, भात आणि कुळीथ शिजत होते. त्यात गूळ, मीठ, खोबरं. नाचणी, कुळीथ, गूळ, खोबरं! मला तिथेच हसू आलं. हा हत्ती आमच्याच घरी जेवला असता, माड पाडायची गरज नव्हती. एकेक गोळा कावाडी हत्तीच्या तोंडात आत, जिभेवर ठेवायचा, कोपरापर्यंत हात आत घालून. सोंडेत द्यायचा नाही. कुणाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालणं यापुढे ‘विश्वास’ हा शब्द फिका पडतो.

आणि तरीही तोच माणूस माजाच्या दिवसांत त्या हत्तीच्या सोंडेच्या टप्प्यात जात नाही. डोळा आणि कान यांच्या मधून काळसर द्रव झरायला लागला, गालावर ओघळ आला की ओळखायचं. मग हत्ती साखळदंडाने दुहेरी बांधायचा, खाणं लांबून सरकवायचं, आणि काही आठवडे, कधी काही महिने, वाट पाहायची. माहुतांची मरणं बहुतेक या काळातली. एखादा माहूत गेला तर त्याच घरातला दुसरा कधी कधी त्याच हत्तीवर चढतो. हे मला कळत नाही. आपल्याकडे दर्यात बुडालेल्याचा भाऊ पुन्हा होडी घेऊन जातो तेही मला कळत नाही.

याच्या उलट टोकाची गोष्ट मूर्ती नावाच्या हत्तीची. तमिळनाडू-केरळच्या सीमेवर या मखन्याने, म्हणजे सुळे नसलेल्या नराने, वीसहून जास्त माणसं मारली होती. १९९८ मध्ये त्याला गोळी घालण्याऐवजी तमिळनाडूत पकडलं, आणि ज्या पशुवैद्यांच्या देखरेखीत हे झालं त्या डॉ. कृष्णमूर्तींचं नाव त्याला मिळालं. कौटिल्याने पकडू नये म्हटलेला मत्कुण तो हाच. पुढे तेप्पकाडूच्या छावणीत तो इतका निवळला की त्याच्याभोवती पोरं वावरत. २०२४ मध्ये तो म्हातारपणाने गेला. त्याच्या आत काय बदललं? की बदललं काहीच नाही, फक्त त्याच्याशी रोज बोलणारं कोणीतरी आलं? माणसं मारत होता तेव्हा त्याच्या अंगावर जुन्या बंदुकीच्या जखमा नव्हत्या का, हे विचारायला मला आवडेल. ‘खुनी’ हत्तींच्या अंगावर त्या अनेकदा असतात.

आणि अर्जुन. म्हैसूरच्या दसऱ्यात साडेसातशे किलोंची सोन्याची अंबारी त्याने आठ वेळा वाहिली. वय झाल्यावर तो मान दुसऱ्याकडे गेला, पण कामातून सुटका झाली नाही. ४ डिसेंबर २०२३ ला हासन जिल्ह्यात एक रानहत्ती पकडायच्या मोहिमेत त्याला पुढे केलं, दोघांची झुंज लागली आणि अर्जुन मेला. त्याच्या शवाला मिठी मारून रडणाऱ्या माहुताचं चित्रण सगळ्यांच्या फोनवर फिरलं, माझ्याही. २०२१ मध्ये केरळात मेलेल्या माहुताला शेवटचं भेटायला आलेल्या हत्तीचं असंच फिरलं होतं. लोक खाली हात जोडलेली चिन्हं टाकतात. रडणाऱ्या त्या माणसाला महिन्याला काय मिळतं, तो कायम आहे की रोजंदारीवर, त्याच्या पाठीचा मणका कसा आहे, हे कोणी पुढे पाठवत नाही.

२०२५ च्या जुलैत कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला नेली तेव्हा कोल्हापूर रस्त्यावर उतरलं. माझ्या ओळखीतले लोक दोन बाजूंना वाटले गेले. एका बाजूला ‘आमची लेक नेली’, दुसऱ्या बाजूला ‘सिमेंटवर बांधलेल्या हत्तिणीचे पाय पाहा’. मला दोन्हीकडचं खरं वाटत होतं आणि त्यामुळे दोन्हीकडच्यांच्या शिव्या खाल्ल्या. तीसेक वर्षं ज्या माणसांच्या आवाजांत ती वाढली ते आवाज तिच्यासाठी कळपच होते. आणि हत्तिणीचा कळप हत्तींचा असायला हवा होता, हेही तितकंच. स्तंभगत ते यूथगत. मधल्या पायऱ्या आपण तिला चढू दिल्या नाहीत आणि मग एका रात्रीत ट्रकमध्ये चढवलं.

त्याच वर्षी चतुर्थीला मी दोडामार्गात मावशीकडे होते. हत्ती अजून तिलारीच्या खोऱ्यात आहेतच. ओंकार नावाचा तरुण नर तर पुढे सावंतवाडीकडे आणि गोव्यात पेडण्यापर्यंत फिरून आला. मामाही मावशीकडे आला होता, आता थकलाय. मूर्तीवर टांगलेल्या माटवीला नारळ, सुपारीचे घड, कवंडळं बांधलेली. मावशीची नात पाच वर्षांची, तिने माझ्या हातून पत्र्याची पुडी हिसकावली आणि दोन्ही आयुधं उलटसुलट खोचली. मी ती बदलली नाहीत.

रात्री अथर्वशीर्ष चालू होतं. ‘चतुर्हस्तं’पर्यंत आलो आणि डोंगराच्या अंगाने बार झाला. मग आणखी दोन. पोरं खूश झाली, कुणाच्या तरी घरी आरतीचे फटाके. मोठी माणसं मात्र थांबली. मामाने मान तिरकी केली, ऐकलं.

“आरतीचे न्हय ते. वरच्या वाडीत इलो वाटता,” तो म्हणाला. मावसभावाने बॅटरी उचलली आणि चपला शोधायला लागला. मामा जागेवरच बसून राहिला. मूर्तीपुढच्या पाच नारळांतला एक त्याने उचलला, हातात तोलला, आणि पुन्हा जागच्या जागी ठेवला.

“म्हणा रे पुढे,” तो म्हणाला.